नेतृत्वाचं पुस्तक घ्यावं की माणसाच्या निर्णयांचं?

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर होता. जूनमध्ये त्याला सुपरवायझर केलं. हाताखाली 22 माणसं, त्यातली निम्मी कालपर्यंत त्याच्या शेजारी बसून डबा खाणारी. गेल्या रविवारी घरी आला, फोनवर दोन पुस्तकांची मुखपृष्ठं दाखवली आणि म्हणाला, "मावशी, यातलं एकच घेणार आहे. कुठलं घेऊ ते तू सांग."

एक होतं नेतृत्वावरचं. मोठ्या कंपन्या मोठ्या कशा झाल्या, त्यांच्या प्रमुखांनी काय केलं, आपण काय उचलायचं, अशा थाटाचं. दुसरं होतं बिहेव्हियरल इकॉनॉमिक्सचं, वर्तनाच्या अर्थशास्त्राचं, म्हणजे माणूस पैशाचे, कामाचे, रोजचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतो आणि कुठे फसतो याचं. दुकानात ही दोन्ही शेजारशेजारच्या फळ्यांवर असतात आणि दोन्हींच्या पाठीवरचा मजकूर जवळपास सारखाच असतो. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या ट्रेनिंग विभागात काम केलं. दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचली, वाटली, त्यांवरून शिकवलंही. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येईना. त्या दुपारी जे बोलले ते इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी त्याला म्हटलं, पुस्तकाचं राहू दे, तुझ्या अडचणी सांग. त्याने तीन सांगितल्या. दुसऱ्या पाळीचे चार-पाच जण रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात आणि तोवर पहिल्या पाळीचा माणूस मशीनपाशी अडकून पडतो. दुसरी अडचण एका जुन्या मित्राची. वयाने मोठा, कामात याच्यापेक्षा सरस. त्याला काम सांगताना याची जीभ रेटत नाही. आणि तिसरी त्याने जरा दबक्या आवाजात सांगितली: "मावशी, कुणाला शाबासकी दिली की दुसऱ्या दिवशी त्याचं काम बिघडतं. झापलं की सुधारतं. मग कौतुक करायचंच नाही का?"

या तिसऱ्या प्रश्नावर मी खुर्ची पुढे ओढली. पण त्याआधी पुस्तकांबद्दल.

हे यांना कसं कळलं?

धंद्यावरचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी एकच गोष्ट शोधते: लेखक जे सांगतो आहे ते त्याला कळलं कसं? नेतृत्वाची बरीच गाजलेली पुस्तकं एका ठरावीक वाटेने लिहिलेली असतात. यशस्वी कंपन्या निवडायच्या, त्यांच्या प्रमुखांशी बोलायचं, त्यांच्यावर छापून आलेलं वाचायचं आणि सगळ्यांत समान काय सापडतं ते सूत्र म्हणून मांडायचं.

1982 साली आलेल्या 'इन सर्च ऑफ एक्सलन्स'ने असंच केलं. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीतल्या टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी 43 उत्तम अमेरिकी कंपन्या निवडून त्यांचे आठ गुण काढले. पुस्तक तुफान खपलं. दोनच वर्षांनी, 1984 मध्ये, 'बिझनेस वीक' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर प्रश्न टाकला की आता यातलं उत्तम कोण उरलं? त्या 43 पैकी जवळपास एक तृतीयांश कंपन्या तोवर अडचणीत आल्या होत्या.

जिम कॉलिन्स यांनी 2001 च्या 'गुड टू ग्रेट'मध्ये जास्त कष्ट घेतले. 1435 कंपन्यांची छाननी केली. पंधरा वर्षं शेअरची चाल बाजाराइतकी किंवा त्याहून कमी आणि मग पुढची पंधरा वर्षं बाजाराच्या किमान तिप्पट, अशी कसोटी लावून 11 कंपन्या निवडल्या. तुलनेला त्याच धंद्यातल्या मागे राहिलेल्या कंपन्याही घेतल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. तरी त्या 11 मधली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची कंपनी नोव्हेंबर 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिची दुकानं बंद झाली. फॅनी मे ही गृहकर्जांच्या धंद्यातली कंपनी सप्टेंबर 2008 मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

इथं भाच्याला एक हिशेब करायला लावला. 1435 माणसं मैदानात उभी कर. प्रत्येकाने नाणं सात वेळा उडवायचं. साती वेळा छापा येणारे किती निघतील? प्रत्येक फेरीत निम्मे गळतात, म्हणजे 1435 भागिले 128. त्याने मोबाइलवर भागाकार केला. 11.2.

याचा अर्थ त्या 11 कंपन्या निव्वळ नशिबाने वर आल्या असा नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण इतक्या गर्दीतून मूठभर विजेते मागाहून वेचले, तर त्यांत कसब किती आणि योग किती हे निवडीवरून कळत नाही. नाणं उडवणाऱ्या त्या अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या, तर कुणी मनगटाचं तंत्र सांगेल, कुणी पहाटे उठण्याची सवय. आणि तसंच तंत्र, तीच सवय असलेले जे दुसऱ्या फेरीत बाद झाले, त्यांच्या घरी मुलाखत घ्यायला कुणी जाणार नाही.

दुसरी गोम याहून बारीक आहे. आपल्याकडे सुभाषित आहे: सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ति. पैसा आला की माणसात सगळे गुण दिसू लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली हेच आकड्यांत पकडलं. लष्करी अधिकाऱ्यांना हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितलं होतं. पण ज्याला एकात चांगले गुण मिळाले त्याला बाकी सगळ्यांतही चांगलेच मिळालेले दिसले. एका गुणाचा उजेड दुसऱ्यांवर पडतो. याला ते हेलो इफेक्ट म्हणतात, आपण तेजोवलयाचा परिणाम म्हणू.

स्वित्झर्लंडमधल्या आयएमडी या संस्थेतले प्राध्यापक फिल रोझेनझ्वाइग यांनी 2007 मध्ये हीच कसोटी धंद्याच्या पुस्तकांना लावली. त्यांचं एक उदाहरण इंटरनेटची यंत्रसामग्री बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं. मार्च 2000 मध्ये ती जगातली सर्वांत जास्त बाजारमूल्याची कंपनी होती. तेव्हाचे लेख म्हणत, ही कंपनी ग्राहकाचं किती ऐकते. वर्षभरात शेअर कोसळला आणि लेख म्हणू लागले, हिला ग्राहकाची पर्वाच नाही. मग अशा लेखांवरून आणि मुलाखतींवरून 'यशस्वी कंपन्या ग्राहकाचं ऐकतात' असं सूत्र काढलं, तर ते यशाचं कारण म्हणावं की यशाची सावली? नेतृत्वाच्या पुष्कळ पुस्तकांचा पाया इथे भुसभुशीत आहे.

दुसऱ्या फळीवर काय आहे

वर्तनाच्या अर्थशास्त्राचे लोक हे काम वेगळ्या वाटेने करतात. ते प्रयोग करतात. सारख्या माणसांचे दोन गट करायचे, एकाला एक वागणूक, दुसऱ्याला दुसरी, आणि फरक मोजायचा. या विषयाचा पाया डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी घातला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध लेख 1979 चा. शंभर रुपये हरवल्याचं दुःख शंभर रुपये सापडल्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं, या साध्या निरीक्षणाला त्यांनी त्यात गणिताची चौकट दिली. ट्वर्स्की 1996 मध्ये गेले. कानेमन यांना 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि याच विषयातले अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 चं.

भाच्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथं आहे, आणि तो प्रश्न विचारणारा तो पहिला नाही. कानेमन तरुणपणी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस लवकर शिकतो, असं ते सांगत असताना एक अनुभवी प्रशिक्षक उठला. त्याचं म्हणणं असं: वैमानिकाने कसरत सुंदर केली, मी वाखाणली, की पुढच्या वेळी ती बिघडते. वाईट केली, मी खडसावलं, की सुधारते. तेव्हा कौतुकाचं आम्हाला सांगू नका. चाकणच्या पोराचं म्हणणं आणि हे म्हणणं, शब्दाला शब्द जुळतात.

कानेमन यांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिल्या फेकीत ज्यांचं नाणं खुणेजवळ पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसऱ्या वेळी लांब गेलं. ज्यांचं लांब पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं जवळ आलं. कौतुक कुणी केलं नव्हतं, रागावलंही कुणी नव्हतं.

हे लाइनवर कसं दिसतं ते बघू. समज, एका ऑपरेटरचे पाळीत सरासरी सहा जॉब रिजेक्ट होतात. रोज बरोब्बर सहा होत नाहीत. कधी दोन, कधी अकरा. मटेरियल कसं आलं, टूल किती झिजलंय, रात्री झोप झाली का, यावर ते हलतं. ज्या दिवशी दोन झाले त्या दिवशी तू शाबासकी दिलीस. उद्या तो आपल्या सहावर परत आला, आणि तुला वाटलं, डोक्यावर चढला. ज्या दिवशी अकरा झाले त्या दिवशी झापलंस. उद्या पुन्हा सहा. तुला वाटलं, मात्रा लागू पडली. प्रत्यक्षात दोन्ही वेळा तो आपल्या नेहमीच्या जागी परत आला. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. सुपरवायझरच्या कामात याच्याइतकी फसवी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही, कारण इथं आपलाच रोजचा अनुभव आपल्याला खोटं शिकवतो आणि वर्षागणिक आपण जास्त कडवट होत जातो. मी स्वतः अशा तीन-चार फोरमनना ओळखत होते. मुळात भली माणसं. तीस वर्षांत त्यांच्या तोंडची शाबासकी पार नाहीशीच झाली होती, आणि त्यांना मनापासून वाटायचं की हे अनुभवाने आलेलं शहाणपण आहे.

मग कौतुक करावं की नाही? दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावरून ते ठरणारच नाही. दोन-तीन आठवड्यांची सरासरी काढून बघावं लागेल.

आता उशिरा येणाऱ्यांचं. भाच्याचा विचार होता की पन्नास रुपये दंड लावावा. पगारातून दंड कापायला कायद्याची बंधनं आहेत, ते एक झालंच. पण एक प्रयोग इथं ऐकण्यासारखा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरं होती. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरं घेतली आणि त्यांतल्या सहांमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावायला सांगितला. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढला, जवळपास दुपटीवर गेला. आधी उशीर झाला की पालकांना शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर ती जास्तीच्या वेळेची फी झाली. पैसे टाकले, विषय मिटला. पुढे दंड काढून घेतला, तरी उशीर खाली आला नाही.

भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे दंड नको." मी त्याला थांबवलं. हैफातले पालक गिऱ्हाईक होते, कामगार नव्हते. पाळणाघरं दहाच होती आणि दंडही किरकोळ होता. यातून एवढंच घ्यायचं, की दंड लावण्याआधी आज त्या माणसाला वेळेवर आणणारी दुसरी कुठली गोष्ट आहे ते बघावं, कारण दंड तिला मारू शकतो. आणि त्याच्याही आधी विचारावं की ती चार-पाच माणसं कुठून येतात. विचारलं तर कळलं, त्यांतली तीन तळेगाव चौकातून येतात. त्या चौकातली कोंडी ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. तिथं मानसशास्त्राचा काही उपयोग नाही. बसची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायला हवी.

प्रयोग म्हटला की खरा, असंही नाही

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की दुसरंच पुस्तक घ्यावं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मी प्रशिक्षणात कितीतरी वर्षं जॅमचा प्रयोग सांगितला आहे. अमेरिकेत एका किराणा दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तर चव घेणाऱ्यांतल्या 3 टक्के लोकांनीच जॅम घेतला आणि सहाच प्रकार मांडले तर 30 टक्के लोकांनी. 2000 साली हा लेख आला. पर्याय कमी करा, विक्री वाढेल, असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. 2010 मध्ये अशा पन्नासेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कुठे कमी पर्यायांनी फायदा, कुठे तोटा. मी ज्यांना ते शिकवलं त्यांतल्या कुणी आपल्या दुकानातला माल त्यावरून कमी केला असेल, तर त्याची रुखरुख मला आजही आहे.

कानेमन यांच्या 2011 च्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकालाही हे चुकलेलं नाही. त्यात एक भाग आहे: एखादा शब्द किंवा चित्र नकळत डोळ्यांपुढून गेलं तरी माणसाचं वागणं बदलतं, असे प्रयोग. त्यांवर अविश्वास ठेवायला जागाच नाही, अशा सुरात ते लिहिलेलं आहे. पुढे हे प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिले तेव्हा त्यांतले बरेच टिकले नाहीत. 2017 मध्ये कानेमन यांनी स्वतः लिहून मान्य केलं की फार थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर आपण नको तेवढा विश्वास टाकला. नोबेल मिळालेला ऐंशी पार केलेला माणूस आपली चूक अशी उघड लिहितो, यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढलाच. पण पुस्तकातलं ते प्रकरण तसंच आहे आणि नवा वाचक ते तसंच वाचतो.

याहून वाईटही घडलं आहे. फॉर्मवर सही शेवटी न घेता वरच घेतली तर माणूस खरी माहिती भरतो, हा शोध 2012 साली फार गाजला. वाहन विम्याच्या फॉर्मवरची आकडेवारी त्यात होती. 2021 मध्ये ती आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि तो लेख मागे घेतला गेला. तोवर तो सल्ला किती कार्यालयांत पोचला असेल!

आणि जे खरं आहे, त्याचाही आकार पुस्तकात फुगतो. माणसाला सक्ती न करता हळूच योग्य बाजूला वळवायच्या युक्तीला 'नज' म्हणतात. थेलर आणि कॅस सन्स्टीन यांच्या 2008 च्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला. स्तेफानो देलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी 2022 मध्ये दोन ढीग शेजारी ठेवले. एका ढिगात शोधपत्रिकांत छापून आलेल्या युक्त्या, दुसऱ्यात अमेरिकेतल्या दोन मोठ्या सरकारी-कामाच्या संस्थांनी केलेले सगळे प्रयोग, छापलेले आणि न छापलेले. छापलेल्यांत सरासरी परिणाम 8.7 टक्के अंकांचा, म्हणजे शंभरात साधारण नऊ माणसं जास्त वळली. दुसऱ्या ढिगात 1.4. फरक पडतो, पण पुस्तक वाचून वाटतो तेवढा नाही. छापून येतं ते यशस्वी झालेलं. म्हणजे विजेत्यांनाच वेचण्याचा जो दोष आपण नेतृत्वाच्या पुस्तकांत पाहिला, तो या फळीवरही येऊन बसलाच.

सगळंच पोकळ आहे असं मात्र नाही. माझ्या आवडीचं उदाहरण उदयपूरच्या खेड्यांतलं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर बालकांच्या लसीकरणावर काम केलं. बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आई माहेरच्या पाटणकर. 2019 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले ते आणि डुफ्लो दोघं. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं 6 टक्के होती. जिथं शिबिर दर महिन्याला न चुकता भरवलं तिथं 18 टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक लशीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या तिथं 39 टक्के. यात मला डाळीइतकाच मधला आकडा मोलाचा वाटतो. नर्स ठरल्या दिवशी खरोखर येते, एवढ्याने 6 चे 18 झाले. आधी व्यवस्था, मग डाळ.

तारापूरच्या मागांवर

या दोन्ही फळ्यांच्या मधली एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या दाराशी घडली. 2008 पासून पुढे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या सुती कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. बरेच कारखाने तसे मोठे, शेकडो कामगारांचे, घरच्या मालकीचे. काही कारखान्यांना सल्लागार कंपनीची माणसं फुकट दिली: एक महिना पाहणी आणि चार महिने प्रत्यक्ष बदल. बाकीच्यांना फक्त पाहणी. बदल काय, तर मशीन का आणि किती वेळ बंद पडलं ते रोज लिहायचं. कापडातला दोष कुठल्या मागावर आला ते नोंदायचं. सुताचा साठा मोजून रचून ठेवायचा. सुट्या भागांना चिठ्ठ्या लावायच्या. रोज बैठक घ्यायची. अशा 38 गोष्टींची यादी होती. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

मग इतकं साधं काम मालक आधी का करत नव्हते? अनेकांना वाटत होतं, आमचं ठीक चाललंय, याने काय फरक पडणार. मोजलंच नव्हतं, तर कळणार कसं? दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कारखानदार किती कारखाने काढतो हे त्याच्या हुशारीपेक्षा घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, म्हणून दोन मुलं तर दोन युनिटं. मुलींचा तर हिशेबच नाही. किती चांगल्या माणसांची उमेद अशी वाया गेली असेल!

2017 मध्ये संशोधक परत गेले. सुरू केलेल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कारणं विचारली तर मॅनेजर बदलला आणि मालकाला वेळ नव्हता, ही दोन मोठी. तरी ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा हे कारखाने पुढेच होते.

नेतृत्वाच्या पुस्तकांना मी इथे परत बोलावते. रोजची वही कशी ठेवावी हे प्रयोगाने सिद्ध होतं. पण ती वही नऊ वर्षं चालू ठेवणं, मॅनेजर बदलला तरी ती बंद पडू न देणं, त्यासाठी कुणाला तरी रोज तिथं उभं राहावं लागतं. त्या उभं राहण्याबद्दल प्रयोग फारसं सांगत नाहीत. भाच्याच्या दुसऱ्या अडचणीवर, त्या जुन्या मित्रावर, तर अजिबातच नाही. शंभर सुपरवायझर घ्या, निम्म्यांना वयाने मोठा मित्र हाताखाली द्या, असा प्रयोग कोण करणार, आणि केला तरी त्या सरासरीत याचा मित्र सापडणार नाही.

तिथं ज्याने स्वतः ते काम केलं आहे अशाचं पुस्तक लागतं. विजेत्यांची सूत्रं सांगणारं नको, आपल्या कामाची कारणं सांगणारं हवं. अँडी ग्रोव्ह हे बुडापेस्टमधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आले आणि पुढे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचे प्रमुख झाले. त्यांचं 1983 चं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' सुरू होतं ते नाश्त्यापासून: उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी एकदम गरम कशी द्यायची. अंड्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून बाकी सगळं अंड्याच्या वेळेला बांधायचं. लाइनवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे पहिल्या पानापासून आपलं वाटतं. त्यात एक विचार आहे: माणसावर किती लक्ष ठेवायचं हे त्याचं वय किंवा हुद्दा बघून ठरवू नये, त्या विशिष्ट कामात तो किती मुरलेला आहे ते बघून ठरवावं. सेटिंगमध्ये मुरलेल्याला सेटिंग कसं करायचं ते सांगू नये, फक्त काय हवं ते सांगावं. तोच माणूस नव्या सॉफ्टवेअरवर बसला तर शेजारी बसून दाखवावं. मित्राला काम सांगताना भाच्याची जीभ का अडते त्याचं अर्धं उत्तर मला इथं दिसतं. त्याला येत असलेलंच हा त्याला सांगत होता. उरलेलं अर्धं त्या दोघांचं आहे, ते चहावरच सुटेल.

आपल्या भाषेतही असं वाचायला आहे. शंतनुराव किर्लोस्करांचं आत्मचरित्र, 'जेट युगातील मराठी माणूस', मी दोनदा वाचलं. त्यांच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, अशी हकीकत सांगतात. मालाची खात्री आणि गिऱ्हाइकाची भीती यांच्यामधली ती दोन वर्षं कुठल्याही सूत्रात बसत नाहीत. अशी पुस्तकं सूत्रासाठी वाचूच नयेत. आत्मचरित्रात माणूस स्वतःच्या बाजूने लिहितो, हेही ध्यानात ठेवावं. पण एखाद्या अवघड सकाळी कुणी काय केलं होतं याचा साठा मनात असला, तर आपली अवघड सकाळ येते तेव्हा तो उपयोगी पडतो.

तर कुठलं घ्यावं? गोष्ट पुष्कळ माणसांची आणि वारंवार घडणारी असेल, फॉर्म कसा असावा, दर कसा लिहावा, रांग कशी लावावी, बचतीला लोक का टाळतात, तर वर्तनाच्या अर्थशास्त्राचं घ्यावं, आणि त्यातली युक्ती आपल्याकडे छोट्या प्रमाणात करून मोजल्याशिवाय लागू करू नये. गोष्ट एका माणसाची, एका निर्णयाची, एकदाच घडणारी असेल, तर ज्याने तशी वेळ काढली आहे त्याचं घ्यावं. दुकानात उभं असताना पाचेक मिनिटं काढून आत बघावं, लेखकाने हरलेल्यांचं काही सांगितलं आहे का. कुठली कंपनी हेच करून बुडाली, कुठला प्रयोग फसला, कुठे आपलंच म्हणणं चुकलं. दोनशे पानांत एकही फसलेली गोष्ट नसेल, तर मी ते पुस्तक परत फळीवर ठेवते.

भाच्याने दाखवलेल्या दोन्हींपैकी मी एकही घ्यायला सांगितलं नाही. ग्रोव्ह घे म्हटलं. कानेमन यांचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे आहे, तेच त्याला दिलं आणि सतराव्या प्रकरणापाशी खूण घालून ठेवली. ते सरासरीकडे परतण्यावरचं आहे आणि त्यात हवाई दलाचे प्रशिक्षक आहेत. नकळत दिसलेल्या शब्दांच्या त्या प्रयोगांचं चौथं प्रकरण सध्या सोडून दे म्हटलं. आणि 200 पानी एक रजिस्टर दिलं. रकाने मीच आखले: तारीख, ऑपरेटर, रिजेक्ट किती, मशीन बंद किती वेळ, आणि शेवटचा रकाना, आज मी त्याला काय बोललो. दर तीन आठवड्यांनी सरासरी काढायची. गौरी-गणपतीला येताना रजिस्टर बरोबर आणायला सांगितलं आहे.